गोताडवाडीच्या घाटीतली कुर्ली

गाडीचं खरं नाव 'सहचर'. गंधार आठल्येने ते बरेच दिवस डोकं खाजवून शोधलं होतं, दारावर झोकदार अक्षरांत रंगवून घेतलं होतं. पण ती पहिल्यांदा मिरजोळ्याच्या शेडमधून बाहेर पडली त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या टपरीत बसलेल्या कुणीतरी तिला 'कुर्ली', म्हणजे खेकडी, म्हटलं आणि विषय संपला. पुढे फेंगडी, दोन चाकांची. मागे निमुळती होत गेलेली, एका चाकाची. रत्नागिरीत माणसाला एकदा नाव पडलं की ते जन्मभर सुटत नाही, तिथे गाडीची काय कथा. पुढे पुढे गंधारसुद्धा फोनवर बोलताना कुर्लीच म्हणू लागला.

कुर्लीत दोन माणसं एकामागे एक बसत, आणि मागच्याच्या पायाशी भाजीची एक पाटी राहील एवढी जागा होती. डोक्यावर छप्पर, दोन्ही बाजूंना पावसाचे पडदे, पेट्रोल मात्र जुन्या स्कूटरपेक्षाही कमी पिणार. ही गाडी गंधार आणि समर्थ गोताड या दोघांची. दोघे तंत्रनिकेतनात एका बाकावर होते. मग गंधार पुण्याला शिकायला गेला, तिथे मोठ्या कंपनीत चिकटला, आणि एक दिवस ती नोकरी सोडून परत आला तो थेट समर्थच्या गॅरेजात. डोकं गंधारचं आणि हात समर्थचे असं लोक म्हणत, पण ते खोटं होतं. दोघांनाही डोकं होतं आणि दोघांचीही नखं काळी होती.

अडचणी म्हणाल तर त्या दारात रांग लावून उभ्या होत्या. आरटीओच्या कचेरीत गेलं की साहेब विचारत, "तीन चाकं? म्हणजे रिक्षा." गंधार सांगे, "रिक्षा नाही साहेब, घरगुती गाडी आहे." "घरगुती गाडी तीन चाकांची असते का?" की पुन्हा पहिल्यापासून. चाकांचे भाग गुजरातेतून यायचे आणि तिकडचा व्यापारी थोडक्या मालाला हात लावायला तयार नसे. खाऱ्या वाऱ्याने सांगाड्याला गंज चढे, तो घासून रंग द्यावा तर पुन्हा चढे. आणि पुण्याचे गुंतवणूकदार गाडी बघून, चहा पिऊन, शेवटी एकच सांगून गेले होते: "उत्साह पुष्कळ बघितला. आता गाव दाखवा. एक वाडी जरी 'आम्ही घेणार' असं म्हणाली, तर मान्यतेच्या चाचण्यांचा खर्च आमचा. नाहीतर दिवाळीनंतर आमचा विचार सोडा." त्यांचा विचार सोडायचा म्हणजे शेड सोडायची, आणि शेड सोडायची म्हणजे कुर्ली भंगारात. हे दोघांनाही न बोलता कळलेलं होतं.

वाडी कोणती, हा प्रश्नच नव्हता. समर्थची गोताडवाडी हातखंब्याच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत. फाट्यावरून वाडीत उतरायला घाटी आहे. जांभ्याची उभी उतरण, तिच्यावर चाकांपुरत्या सिमेंटच्या दोन पट्ट्या ओतलेल्या, मध्ये नुसती माती. एसटी फाट्यावर थांबते, आणि घाटीचं नाव काढलं की रिक्षावाले दुसरीकडे बघतात. वाडीतले पुरुष बहुतेक मुंबईला. रोज ती घाटी चढतात त्या बायका: कुणी रत्नागिरीत दुकानात कामाला, कुणी अंगणवाडीत, आणि समर्थची आई गंगा भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला. कुर्ली आपल्या आईसाठीच केली असं समर्थ उघड सांगायचा. एप्रिलात गाडी पहिल्यांदा घाटी उतरली आणि न थांबता चढली, तेव्हा मागे गंगा बसली होती, आणि वर पोचल्यावर पदर तोंडाला लावून ती लहान मुलीसारखी हसत होती. त्या दिवशी गंधारला वाटलं, आपण जिंकलो.

पण बायकांना गाडी हवी असून चालत नव्हतं. वाडीत काही मोठं घ्यायचं तर मुंबईतल्या वाडीकरांच्या मंडळाचा होकार लागे, आणि मंडळ वाडीत एकत्र येणार ते गणपतीला. कोकणात पुष्कळ गोष्टी गणपतीवर ठेवलेल्या असतात. लग्नाची बोलणी, जमिनीचे वाद, घराचं छप्पर, सगळं 'गणपतीत बघू'. कुर्लीचंही तसंच ठरलं. आरतीनंतर मंडळ बसेल, बघेल आणि काय ते सांगेल.

तेव्हा गंधारच्या डोक्यात ती कल्पना आली. समर्थच्या घरचा गणपती या वर्षी कुर्लीतून आणायचा.

समर्थचा बाप बाबल्या गोताड आपला गणपती जन्मभर डोक्यावरून आणत आला होता. पावसाळा लागला की तो घरचा पाट नेऊन मूर्तिकाराच्या शाळेत, म्हणजे गणपती घडवतात त्या कारखान्यात, ठेवायचा. तो पाट त्याच्या बापाने फणसाच्या लाकडाचा स्वतः केलेला. त्याच पाटावर मूर्ती घडे आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाबल्या ती डोक्यावर घेऊन, मध्ये कुठेही न टेकवता, घाटी उतरून घरी येई. आता त्याची मान धरायची, पण हे काम तो कुणाला देत नसे.

"बाबा, गाडीतून आणला तर बाप्पाला पाऊस पन लागणार नाय," समर्थ म्हणाला. घरी आला की त्याची बोली आपोआप घरची व्हायची.

बाबल्याने बराच वेळ तंबाखू मळली. "मंडलाला दाखवायचा हाय, व्हय ना?"

"तसं पन हाय."

"आनशीला तर आन," बाबल्या म्हणाला. "पन पोरानू, सांबालून."

आदल्या दिवशी आकाश गच्च भरलेलं होतं. पाऊस एकसारखा नव्हता, उगाच रिपरिप. शाळेत ही गर्दी. समर्थने पाटासकट मूर्ती उचलली, तिच्या तोंडावर नवा रुमाल टाकला, मोरया म्हटलं आणि तो कुर्लीत मागे मांडी घालून बसला. मूर्ती दीड हाताची, शाडूची, उजवा हात वर करून आशीर्वाद देणारी. गंधार चालवायला. वाटेत जो तो थांबून बघत होता. कुणी हात जोडले, एकाने तर फोनवर चित्रीकरणही केलं. गंधारला तोंडावरचं हसू आवरेना.

घाटीच्या दुसऱ्या वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि मागचा भाग डावीकडे सरकला. गाडी उलटली नाही. आपल्या जागी निम्मी फिरली, मागून दरडीला टेकली आणि थांबली. आवाजसुद्धा फार झाला नाही.

"लागलं काय तुला?" गंधारने मान वळवून विचारलं.

"नाय," समर्थ म्हणाला. मग त्याने खाली बघितलं.

तोंडावरचा रुमाल जागेवर होता. मूर्ती पाटावर सरळ होती. वर केलेला उजवा हात मात्र मनगटापासून तुटून समर्थच्या मांडीवर पडला होता, तळवा वर.

पडद्यावर पाऊस वाजत होता.

"परत जाऊ," शेवटी समर्थ म्हणाला. "शाळेत राखून ठेवलेल्या एक-दोन असतात. असं होतं म्हणूनच ठेवतात. दुसरा आणू."

"आणि पाट?"

"पाट दुसरा येईल. बाबांना सांगू, घसरलो म्हणून. मीच सांगतो."

गंधारच्या डोळ्यांपुढे मूर्ती नव्हती, मंडळ होतं. "समर्थ, विचार कर. पावसातली पहिली खेप, आणि बाप्पाचा हात मोडला. कोण बसेल रे या गाडीत? तुझ्या आईलाही बसू देणार नाहीत. आपण इथे, या वळणावर संपतो."

समर्थने मांडीवरचा तुटका हात उचलून तळव्यावर घेतला.

"अजून प्राणप्रतिष्ठा झालेली नाही," गंधार म्हणाला. बाप जन्मभर शाळेत संस्कृत शिकवणारा, घरी पूजाअर्चा. हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं होतं, आणि आत्ता त्याने ते पान्यासारखं हातात घेतलं. "उद्या मंत्र म्हणेपर्यंत ही माती आहे. माती तुटली, माती जोडली. यात पाप कसलं?"

"तुला पटतंय हे?"

"मला गाडी वाचवायची आहे."

एवढं खरं बोलल्यावर समर्थला नाही म्हणता आलं नाही. त्यालाही गाडी वाचवायचीच होती. तो इतकंच म्हणाला, "तू म्हणशील तसं. पण मला हे बरं वाटत नाय," आणि तुटलेला हात त्याने गंधारपुढे धरला.

वळणाच्या वर आंब्याच्या बागेत राखणदाराचा मांगर, म्हणजे खोपटं, होता, पावसाळ्यात रिकामा. तिथे बसून त्यांनी काम केलं. कुर्लीचं अंग फायबरचं, काचेच्या कापडावर राळ ओतून केलेलं. त्याला तडा गेला तर सांधायला लागणारं सगळं सामान गाडीतल्या डब्यात कायम असायचं. तेच सामान बाहेर निघालं. गंधारने मनगटाला कापडाची बारीक पट्टी गुंडाळली, राळ लावली, आणि पुन्हा काही व्हायला नको म्हणून पंजावरही राळेचा पातळ हात फिरवला. समर्थने मूर्तीच्या कड्याचा अजून ओलसर सोनेरी रंग बोटाने ओढून सांधा झाकला आणि वर लाल नाडा बांधला. हात असा बसला की मूर्तिकारालाही कळलं नसतं. गंधार मागे सरून बघत राहिला आणि त्याला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. मोडलेलं जोडता येतं याचंच तर त्याला लहानपणापासून कौतुक होतं. मग त्यांनी गाडी ढकलून वाटेवर घेतली आणि जपून, जवळजवळ पायी चालल्याच्या वेगाने ते खाली उतरले.

घरी गंगा दारात उभीच होती. तिने समर्थच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. बाबल्याने पाटाच्या चारी बाजू हाताने चाचपून बघितल्या आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "बगा, पाट हललासुदिक नाय!" गंधारने तेव्हा समर्थकडे बघितलं नाही आणि समर्थने गंधारकडे.

दुसऱ्या दिवशी आठल्यांकडे पूजेला गंधारचे वडील, परशुराम आठल्ये, सोवळं नेसून बसले. त्यांनी दूर्वेचं टोक मूर्तीच्या डोळ्यांना लावलं, छातीला हात लावून मंत्र म्हटले. गंधार बाजूला बसून तबक देत होता. त्याच वेळी गोताडवाडीतही भटजी असेच मंत्र म्हणत असतील, आणि ते म्हणून झाले की मग ती माती माती राहत नाही, हे त्याच्या मनात आलं आणि हातातलं तबक त्याने खाली ठेवलं.

जेवणं झाल्यावर त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अप्पा, मूर्ती दुखावलेली असली आणि तशीच बसवली तर काय होतं?"

"न कळता बसवली तर काही नाही. देव समजून घेतो."

"आणि कळून?"

अप्पांनी पान लावता लावता वर बघितलं. "कळून कोण बसवेल? दुसरी आणायची की. त्यात काय अवघड आहे?"

खरंच काही अवघड नव्हतं. गंधार आत जाऊन पडला.

मंडळ बाबल्याच्या ओटीवर बसलं, संध्याकाळच्या आरतीनंतर. मंडळाचा सेक्रेटरी रघू गोताड, बाबल्याचा पुतण्या. मुंबईत लिफ्टच्या कंपनीत दुरुस्तीच्या कामावर होता. शांत माणूस, कमी बोलणारा, आणि म्हणून सगळे त्याचं ऐकत. गंधारने गाडीची माहिती सांगितली. सांगता सांगता त्याची नजर आतल्या मखराकडे जाई. तिथे समईच्या उजेडात तो हात वर केलेला दिसे, मनगटावर लाल नाडा.

रघूने सगळं ऐकून घेतलं. "बाकी ठीक आहे. पावसात घाटी उतरते काय? आमच्या बायका-पोरी बसणार."

गंधारने तोंड उघडायच्या आत बाबल्या म्हणाला, "अरे, मांज्या घरचा गनपती आला ना तिच्यातना! भर पावसात! पाट हलला नाय. देव आला, मंग मानूस नाय येनार?"

ओटीवर हसू पिकलं. आतल्या दारात उभ्या बायकांमध्ये कुजबुज झाली. रघू म्हणाला, "काकाच सांगतोय तर मग बोलायलाच नको. मंडळाकडून होय समजा. कागद झाले की पहिल्या गाड्या वाडीला." टाळ्या वाजल्या. गंगाने सगळ्यांना करंज्या वाटल्या आणि गंधारच्या हातावर एक जास्तीची ठेवली.

वर फाट्यावर येऊन गंधारने पुण्याला फोन लावला. तिकडून अभिनंदन झालं. इतक्या महिन्यांत ज्या बातमीची वाट बघितली ती आली होती, आणि त्याला आनंद होत नव्हता. त्याने समर्थच्या खांद्यावर हात टाकला. समर्थने तो हळूच बाजूला केला.

"बाबा खोटं बोलले आज," समर्थ म्हणाला. "त्यांना ठाऊक नसताना. आपण बोलायला लावलं."

"विसर्जन झालं की संपेल रे सगळं," गंधार म्हणाला. त्याला खरोखर तसं वाटत होतं.

गौरी-गणपतींचं विसर्जन वाडीखालच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, झालं. पाणी भरपूर होतं. बाबल्याने मूर्तीला तीन बुड्या दिल्या, पाट सोडवून घेतला, मूठभर वाळू घरी आणली. रात्री पाऊस कोसळला. सकाळी गंगा धुणं घेऊन पऱ्यावर गेली तेव्हा पाणी ओसरलं होतं. वाडीतल्या सगळ्या गणपतींची माती विरघळून वाहून गेली होती. एका दगडाच्या कपारीत मात्र एक हात अडकून राहिला होता, मनगटापासून बोटांपर्यंत जसाच्या तसा, लाल नाडा बांधलेला. गंगाने तो ओळखला. तो नाडा ती रोज आरतीला बघत होती. तिने हात पाण्यातून उचलला, फिरवून बघितला. मनगटाकडून काचेच्या कापडाचे पांढरे धागे बाहेर आले होते. तेही तिने ओळखले. समर्थच्या कपड्यांतून ते धागे काढता काढता तिची बोटं किती वेळा चिरली होती.

गंधारला निरोप गेला तेव्हा त्याला कारण सांगितलं नव्हतं. ओटीवर रघू होता, मंडळाची आणखी दोघं-तिघं होती. समर्थ खांबाशी उभा होता. मध्ये बाबल्याच्या बापाने केलेला तो पाट, आणि पाटावर हात.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी जोडला," समर्थ म्हणाला. "माज्या हातात होता."

"खोटं आहे," गंधार म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "तो परत जाऊया म्हणत होता. मी नाही म्हटलं. जोडला मी."

बाबल्या पाटाकडे बघत होता. "तुटला त्याचं कायवं नाय रं," तो म्हणाला. "मातीच ती. मांज्या डोक्यावरून पन पडला असता येकादा टायमाला. दुसरा आनला असता. मी सोता गेलो असतो." मग त्याने पाटाच्या कडेवर हात ठेवला. "मी सगल्या वाडीला सांगत फिरलो. पाट हलला नाय, पाट हलला नाय. माजं तोंड वापरलात तुमी."

गंधारने मान खाली घातली. लाज म्हणजे काय ते त्याला त्या ओटीवर कळलं.

रघूने घसा साफ केला. "गंधारभाऊ, देवाचं काय ते काका बघतील. मी गाडीचं बोलतो. आमच्या धंद्यात एखादी वस्तू तुटली तर पहिली ती सगळ्यांना दाखवतात. लपवून जोडली आणि रंग दिला तर त्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाय. तुम्ही देवाचा हात जोडून आमच्यासमोर बसवलात. उद्या ब्रेक तुटला तर तोही असाच जोडून द्याल. आम्हाला कसं कळणार?"

"रघूदादा, तसं नाही होणार..."

"बरं. मग एक सांगा. घसरली कशानं?"

गंधारने तोंड उघडलं. उत्तर देण्याची त्याला जन्माची सवय. पण त्याने समर्थकडे बघितलं. समर्थ जमिनीकडे बघत होता. त्या दिवशी वळणावर ते दोघे किती वेळ होते! कापड कापलं, राळ कालवली, रंग लावला, नाडा बांधला. पण वाकून मागचं चाक बघावं, ते कुठे होतं, कशावरून सरकलं, हे दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. आठवडा गेला, त्यात त्याने गणपतीच्या हाताचा रात्रंदिवस विचार केला आणि गाडीचा एकदाही नाही.

"माहीत नाही," तो म्हणाला.

रघूने मान हलवली. रागाने नाही, काम संपल्यावर माणूस हलवतो तशी. "मग आमचा होकार परत घेतो," तो म्हणाला आणि उठला.

पुढचं सगळं भराभर झालं. गंधारने पुण्याला स्वतःच कळवलं. निदान तेवढं तरी कुणी सांगायची वाट बघितली नाही. तिकडून दोन गोड वाक्यं आली, नंतर फोन येणं बंद झालं. चाकरमानी परतायला लागले तेव्हा समर्थ रघूबरोबर मुंबईला गेला, लिफ्टच्या कंपनीत. जायच्या आदल्या दिवशी शेडवर येऊन त्याने आपली हत्यारं भरली. भांडण नाही, काही नाही. ते झालं असतं तर गंधारला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"तुझं काही चुकलं नाही," गंधार म्हणाला.

"चुकलं की. मी हात पुढे धरला," समर्थ म्हणाला. त्याने पिशवीचा बंद आवळला आणि तो निघाला.

त्यानंतर एका सकाळी गंधार कुर्ली घेऊन एकटाच घाटीवर गेला. पाऊस उघडला होता पण घाटी ओली होती. त्याने गाडी वळणाच्या वर उभी केली, उतरला आणि पहिल्यांदाच गुडघ्यांवर बसून रस्ता बघितला. शोधायला काही लागलंच नाही. दोन्ही बाजूंच्या सिमेंटच्या पट्ट्यांवर सगळ्या गाड्यांची चाकं जातात, म्हणून त्या घासून स्वच्छ राहतात. मधल्या मातीवर कुणाचंच चाक जात नाही. तिथे पावसाळाभर शेवाळ वाढतं, वर जांभ्याची सुटी खडी, गुरांचं शेण. पुढची दोन चाकं पट्ट्यांवर आणि मागचं एकटं चाक बरोबर त्या मधल्या चिकट हिरव्यावर. एप्रिलात तिथे कोरडी कडक जमीन होती आणि ते दोघे आनंदाने नाचले होते. त्याने बोट लावलं, शेवाळ साबणासारखं बोटाखालून सरकलं. नुसत्या या वळणाचं नव्हतं. असे दोन पट्ट्यांचे रस्ते वाडीवाडीत आहेत. ज्यांच्यासाठी कुर्ली केली, त्यांच्याच रस्त्यावर ती पावसाळाभर चालणार नव्हती, आणि हे त्यांनी जूनमध्ये एकदा येऊन बघितलं असतं तर कळलं असतं. निदान त्या दिवशी.

"गंधारा, येकटाच काय करतंस हितं?"

खालून गंगा चढत येत होती. डोक्यावर पाटी, पाटीत पडवळं आणि काकड्या. ती त्याच्यापाशी येऊन थांबली, दम घेतला. तिचा चेहरा समर्थ गेल्यापासून वाळला होता. तो उभा राहिला, पण त्याला तिच्याकडे बघवेना.

"समर्थचा फोन आला होता काय, काकी?"

"आला. जेवायचे हाल हायत बोलतो." मग तिने कुर्लीकडे बघितलं. "लोकांनी सोडलं म्हनून मी सोडलं नाय हां तुला. चूक झाली ती झाली. पोरंच तुमी." तिने पाटी खाली घेतली आणि गाडीच्या मागच्या जागेत, पायापाशी, सवयीने सारली. "चल, फाट्यापर्यंत सोड. आज गुडगं लय दुकतंत."

सगळ्या वाडीत आता या एकाच माणसाचा गाडीवर भरवसा उरला होता. गंधारला वाटलं, बसवावं. हळू नेलं तर जाईलही, चढच तर आहे, वर जायचं आहे. वर पोचल्यावर ती पुन्हा हसेल. तो एक पाऊल पुढेही गेला.

मग त्याने वाकून पाटी बाहेर काढली.

"नको काकी," तो म्हणाला. "चालतच जाऊया."

गंगाचा चेहरा पडला. "रागावलास व्हय आमच्यावर?"

"नाही हो. घसरते ती. मागचं चाक घसरतं. मी आत्ता बघितलं." हे सांगताना त्याला रडू फुटलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

गंगाने रस्त्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. तिला ते किती कळलं कोण जाणे. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं, पाटी उचलायला हात पुढे केला, पण ती गंधारने आधीच डोक्यावर घेतली होती. पाटी जड होती. चार पावलांतच त्याची मान भरून आली आणि पाय शेवाळावरून सरकला, तेव्हा गंगाने मागून त्याचं कोपर धरलं आणि ती म्हणाली, "मदनं नको चालूस, कडेनं चाल." कुर्ली वळणावर राहिली. त्या घाटीतून गंधार किती वेळा वर-खाली गेला होता, पण पायी चढायची त्याची ही पहिलीच वेळ होती.